हेडलाईटला घाम आलाय की भोक पडलंय?

जुलै लागला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा सीन ठरलेलाच, कोणीतरी गाडीपुढे उकिडवं बसून हेडलाईटची काच बोटाने पुसतंय, पुसली जात नाहीये, परत पुसतंय, आणि मग ट्यूब पेटते की ओल बाहेर नाही, आत आहे. गेल्या पावसाळ्यात तो उकिडवा बसलेला माणूस मी होतो. जूनमध्ये उजव्या बाजूचा बल्ब उडाला होता, एका गॅरेजमध्ये दहा मिनिटांत बदलून घेतला, जुलैत पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावला गेलो आणि दुसऱ्या दिवशी तसल्याच पावसात परत आलो. सकाळी बघतो तर डाव्या हेडलाईटला आतून बारीक धुकं धरलेलं, भात शिजताना स्वयंपाकघराच्या खिडकीला धरतं तसं, आणि उजव्या हेडलाईटच्या तळाशी चक्क पाणी. गाडी वळवली की ते पाणी गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखं इकडून तिकडे सरकत होतं.

आता बघा, गाडी एक, घाट एक, पाऊसही एकच, पण दोन लाईट्सची दुखणी वेगळी. डावीला काहीही करायची गरज नव्हती, उजवीचं काम मात्र लगेच करणं भाग होतं. आणि आपल्याकडे नेमकं उलटं होतं, लोक साध्या धुक्याला घाबरून सिलिकॉन फासतात आणि खरं पाणी साचलेलं असतं तिथे "वाळेल उन्हात" म्हणून सोडून देतात. म्हणून हा फरक नीट समजून घेऊ.

सुरुवात इथून, की हेडलाईट हवाबंद नसते आणि नसावीच. लोकांना वाटतं ती बंद डबी आहे, पाणी दिसलं म्हणजे डबी फुटली. खरं म्हणजे तिला मागच्या बाजूला श्वास घ्यायला वाट मुद्दाम ठेवलेली असते. काही गाड्यांत ती खाली तोंड केलेली छोटी रबरी नळी असते, काहींत वळणावळणाची वाट असलेली प्लास्टिकची टोपी, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत नाण्याएवढा गोल स्टिकर असतो, जो दिसायला साधा पण कामाचा, त्याच्यातून हवा आणि बाष्प जातं पण पाण्याचा थेंब जात नाही, चांगल्या रेनकोटचं कापड जसं असतं तसं. याला व्हेंट म्हणतात.

व्हेंट का लागतो? हॅलोजन बल्ब पेटला की आतली हवा तापते. समजा ३० डिग्रीची हवा ६० डिग्रीला गेली, तर ती साधारण दहा टक्के फुगते. दहा लिटर हवा मावते असं धरलं तर लिटरभर हवेला बाहेर पडावंच लागतं. वाटच नसेल तर तो दाब काचेवर येतो, चाळीस बाय पंधरा सेंटीमीटरची काच धरली तर हिशोबाने साठ-एक किलोचा जोर, म्हणजे एक माणूस आतून काच ढकलतोय असं समजा, आणि तेही रोज लाईट लावली की. कडेचं सील किती दिवस टिकेल? आणि लाईट बंद केली की उलटं, हवा आकसते आणि बाहेरची लिटरभर हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात ती बाहेरची हवा कसली असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, कपाटातले बूट आठवडाभरात पांढरे होतात तिथे.

(जुन्या सील्ड बीमच्या लाईट्सना ही कटकट नव्हती, कारण तिथे अख्खी लाईट हाच एक मोठा काचेचा बल्ब होता, उडाला की पूर्ण बदला. अमेरिकेत तर १९४० पासून बरीच वर्षं तेच चालायचं. प्लास्टिकची काच, मागे वेगळी बॉडी, मध्ये बदलता येणारा बल्ब, ही रचना आली तेव्हा श्वासाचा प्रश्नही आला. काच काच म्हणतोय मी, पण ते असतं पॉलिकार्बोनेट.)

तर आत दमट हवा गेली. रात्री पाऊस पडला, काच बाहेरून गार झाली, आतली हवा त्या गार काचेला टेकली आणि बाष्पाचं पाणी झालं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम येतो, तेच. इथे एक छोटा हिशोब करून बघण्यासारखा आहे, मला तो कळल्यापासून माझी अर्धी काळजी गेली. २८ डिग्रीच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण २७ ग्रॅम पाणी बाष्परूपात मावतं, २२ डिग्रीला १९ ग्रॅम. म्हणजे तेवढं गार झाल्यावर घनमीटरमागे आठेक ग्रॅम पाणी बाहेर टाकलं जाणार. पण आपली हेडलाईट घनमीटरभर नाही, दहा लिटरची, म्हणजे त्याचा शंभरावा भाग. म्हणजे ०.०८ ग्रॅम. एका मिलीलिटरचे वीस थेंब धरले तर झाले दीड थेंब!

दीड थेंब. तो बारीक बारीक होऊन काचेवर पसरला की आपली झोप उडते आणि आपण सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. बरं, हवेशिवाय प्लास्टिकनेही थोडी ओल शोषून ठेवलेली असते आणि ती तापल्यावर बाहेर पडते, व्हेंटमधून बाष्प सारखं येत-जात असतं, त्यामुळे प्रत्यक्षात दीडऐवजी दहा-पंधरा थेंब होतील, धरून चाला. पण अर्धी वाटी पाणी कुठल्याही हिशोबाने एका रात्रीत हवेतून येत नाही. तळाशी पाणी हलताना दिसतंय, ओघळ वाहिल्याच्या रेघा आहेत, तर ते भोकातून आलंय, विषय संपला.

एवढं डोक्यात ठेवलं की तपासणी सोपी जाते. धुकं बारीक आहे, हाताने लिहिता येईल असं एकसारखं, आणि काचेच्या एका कोपऱ्यात, बल्बपासून लांबच्या बाजूला जास्त आहे, कारण तिथे हवा फारशी फिरत नाही, तर ते बहुतेक नॉर्मल. दोन्ही लाईट्सना साधारण सारखंच आहे तर अजूनच नॉर्मल, हवामान दोघींना एकच असतं. एकीलाच आहे आणि दुसरी कोरडी ठणठणीत, तर संशय घ्या. मग लाईट लावून अर्धा तास गाडी चालवा. हॅलोजनवालीचं धुकं आधी बल्बच्या समोरून विरळायला लागतं आणि मग कडेकडेने जातं. अजिबातच हललं नाही, उलट थेंब मोठे होऊन ओघळायला लागले, तर आत पाण्याचा साठा आहे आणि तो गरम होऊन वर येतोय.

एलईडी असेल तर हा अर्ध्या तासाचा नियम लावू नका. एलईडी गरम होत नाही असं लोक म्हणतात ते चूक आहे, होते, पण तिची उष्णता मागच्या हीट सिंककडे (उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते, पुढे काचेवर फार कमी येते. एच-४ हॅलोजन बल्ब ५५-६० वॅटचा असतो आणि त्यातलं बरंचसं उष्णता म्हणूनच बाहेर पडतं, एक छोटी शेगडीच ती. म्हणजे जुनी हेडलाईट स्वतःची काच स्वतः वाळवायची, नवी भारी हेडलाईट ते करत नाही, म्हणून महागाच्या गाडीला जास्त धुकं धरतं आणि मालकाला वाटतं आपण फसलो. तिला दिवसभर वेळ द्या, एखादा कोरडा दिवस द्या. दोन कोरड्या दिवसांनंतरही आहे तसंच आहे तर मग बघा.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारायचा जो मी विचारला नव्हता, या लाईटला शेवटचा हात कोणी आणि कधी लावला?

माझ्या उजव्या लाईटचं भोक तिथेच सापडलं. बॉनेट उघडून मागे हात घातला, कपलर म्हणजे बल्बला लागणारा वायरींचा प्लग काढला, तर त्याच्या मागचं काळं रबरी झाकण, ज्याला गॅरेजवाले रबर कॅप म्हणतात, त्याची खालची कड आत दुमडलेली. वरून बघितलं तर एकदम व्यवस्थित बसलेलं दिसत होतं, बोट कडेने फिरवलं तेव्हा खाली करंगळी जाईल एवढी फट लागली. बल्ब बदलणाऱ्या पोराने घाईत ढकललं असणार, त्या जागेत हात शिरत नाही, दिसत तर काहीच नाही, मलाही दोन नखं मोडायला लागली ते सरळ करायला. रबर कॅपवर बऱ्याचदा वरची बाजू दाखवणारी खूण किंवा "टॉप" असं उमटवलेलं असतं, ती खूण वर यायला पाहिजे आणि बल्बच्या तिन्ही पिना कॅपच्या मधल्या भोकातून पूर्ण बाहेर आल्या पाहिजेत. एवढंच. ताम्हिणीत पुढच्या ट्रकच्या टायरचं पाणी बंपरखालून उडून सरळ त्या फटीत जात होतं.

त्यामुळे माझा आग्रह आहे की काहीही विकत आणण्याआधी मागचं झाकण बघा. दुसरा हमखास गुन्हेगार म्हणजे बाहेरून घेतलेला एलईडी बल्ब, ज्याच्या मागे पंखा असतो, तो बसला की मूळ झाकण लागत नाही, मग फिटर झाकणाला भोक पाडतो किंवा झाकण काढूनच टाकतो, "काय होत नाय साहेब". होतं. त्यानंतर व्हेंट बघा, नळीत चिखल बसलेला असतो, कधी कोळ्याचं जाळं असतं, कधी नळीच निखळून पडलेली असते. वॉशिंग सेंटरवर इंजिनवर जेट मारतात तेव्हा पाणी आत घुसतं आणि वरून चकाकी यायला तेलाचा किंवा पॉलिशचा फवारा मारतात, तो त्या गोल स्टिकरवर बसला की त्याची पाणी अडवायची ताकद जाते. आमच्याकडे मी आता सांगूनच ठेवलंय, बॉनेटखाली जेट नको आणि फवारा पण नको.

मग काचेची आणि बॉडीची जोडरेघ. कधीतरी पार्किंगमध्ये खांबाला बंपर टेकलेला असतो, बाहेर ओरखडा पण नाही, पण हेडलाईटचा कान, म्हणजे ती गाडीला जिथे स्क्रूने बसते तो भाग, तुटलेला असतो आणि बॉडीला केसाएवढी चीर गेलेली असते. ती चीर डोळ्याने सापडत नाही, तेव्हा पंक्चरवाल्याची पद्धत वापरायची. हॅलोजनची लाईट गाडीतून काढा, बल्ब काढा, सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करून एक नळी मोकळी ठेवा, लाईट पाण्याच्या टबात धरा आणि नळीतून तोंडाने हलकेच फुंका. बुडबुडे जिथून येतात तिथे आजार. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, वर हिशोब केलाय तो आठवा, सील उडवायला फार दाब लागत नाही. लाईट मोटरने वरखाली होणारी असेल किंवा एलईडीची असेल तर टबात बुडवायची नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, तिथे साबणाचा फेस ब्रशने जोडरेघेवर लावून तसंच फुंकायचं. आणि झेनॉनवाली असेल तर स्वतः हातच घालू नका, ती पेटताना वीस हजार व्होल्टच्या पुढचा झटका तयार होतो.

लाईट काढायची नसेल तर एकाने पाईपने पाणी सोडायचं, खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर जायचं, प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं, आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन आत बघत बसायचं. वरूनच सुरू केलं तर पाणी खाली ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. लाईट गरम असताना मात्र हे करू नका, गरम लाईटवर गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आकसते आणि नसलेली गळतीसुद्धा पाणी ओढून घेते. गाडी धुतानाही तेच, लांबून आल्या आल्या पाईप सोडू नये.

भोक सापडलं, बुजवलं, आता आतलं पाणी काढायचं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. सरळ मार्ग असा, लाईट काढा, बल्ब काढा, ओतता येईल तेवढं पाणी ओता, आणि भोक खाली करून ठेवा. हेअर ड्रायर सगळ्यात कमी सेटिंगवर, लांबून, हलवत हलवत. हीट गन नको, प्लास्टिक वाकतं. पण भर पावसाळ्यात खोलीतलीच हवा ओली असते, तिच्यात किती वाळवणार? त्यासाठी मला जमलेला उपाय म्हणजे एसी. एसी खोलीतल्या हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, तुमच्या गॅलरीत ठिबकतं तेच, म्हणून एसी चालू असलेल्या बंद खोलीत लाईट उघडी करून रात्रभर ठेवली की सकाळी कोरडी. बायकोने कपाटावर हेडलाईट बघून जे विचारलं ते इथे लिहीत नाही. सकाळी त्याच खोलीत झाकण लावून मगच बाहेर आणायची.

सिलिका जेलच्या पुड्या लोक आत टाकतात. वाळवताना एक रात्र ठेवल्या तर ठीक, पण कायमच्या आत सोडू नका, एक तर थोड्याच दिवसांत त्या भरतात कारण व्हेंटमधून नवी हवा येतच राहते, आणि पुडी सरकून हॅलोजन बल्बला टेकली तर कागद जळतो. तांदळाबद्दल मी काही बोलत नाही.

आतला चकचकीत रिफ्लेक्टर मात्र पुसू नका, हा मोह सगळ्यांना होतो. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, कापूस फिरवला तरी ओरखडे पडतात आणि तो थर परत येत नाही. पाणी राहू दिल्याने होणारं खरं नुकसानही तिथेच, थर फुगतो, पापुद्रे सुटतात, मग नवा बल्ब टाकून पण रस्त्यावर उजेड पडत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यात मात्र जातो. शिवाय कपलरच्या पिनांना हिरवट गंज चढतो, तापलेल्या बल्बवर थेंब पडला तर तो तडकतो. बल्ब परत बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागतं तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

आता सिलिकॉनबद्दल. आमच्या ओळखीच्या एका काकांनी धुक्याला वैतागून अख्ख्या लाईटला मागून सिलिकॉन फासलं, उरलेल्या जागी एम-सील, व्हेंटच्या नळ्या पण बुजवल्या. "आता हवा पण जाणार नाही." गेली नाही खरी, पण आतली ओल पण बाहेर येईना. पुढच्या पावसाळ्यापर्यंत जोडरेघ एका ठिकाणी सुटली, तिथून पाणी जायला लागलं आणि यायला वाट नाही, मासे सोडायचेच बाकी होते. तेव्हा बुजवायचं ते फक्त सापडलेलं भोक, व्हेंट कधीच नाही. आणि सिलिकॉन वापरायचंच तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, त्याची आम्लाची वाफ रिफ्लेक्टरच्या थराला खाते, न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या आणि पूर्ण सुकेपर्यंत लाईट उघडी ठेवा. खालून भोक पाडून "पाणी जाईल निघून" वाला उपाय पण ऐकला असेल, पाणी निघतं, आणि पहिल्याच खड्ड्यातल्या चिखलाच्या फवाऱ्याला घर मिळतं.

कडेची पूर्ण जोडरेघच गेली असेल तर लाईट गरम करून काच सोडवतात, जुनं ब्यूटाईल (जोडरेघेतला चिकट रबरी मसाला) काढून नवं भरतात. घरच्या ओव्हनमध्ये करणारे व्हिडिओ आहेत, मी करणार नाही, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत ब्यूटाईल नसून कडक होणारा गोंद असतो, तो गरम करून सुटत नाही, कापावा लागतो. ज्याचं हे रोजचं काम आहे त्याच्याकडे द्या.

गाडी वॉरंटीत असेल तर वरचं काहीही करण्याआधी फोटो काढा. नुसत्या धुक्याला सर्व्हिस ॲडव्हायझर "नॉर्मल आहे सर" म्हणणार, आणि बऱ्याच ओनर्स मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं, त्यात तो खोटं बोलत नाहीये. पण थेंब ओघळतायत, तळाशी पाणी हलतंय असा व्हिडिओ तारखेसकट असला की बोलणं बदलतं. बाहेरचा बल्ब किंवा कापलेलं वायरिंग सापडलं तर मात्र हात वर करायला त्यांना कारण मिळतं. आणि धक्का लागून लाईट फुटली असेल तर इन्शुरन्स, तिथे साध्या पॉलिसीत प्लास्टिक पार्ट्सवर ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप असेल तर तो वाचतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी हीच हेडलाईट फार बोलकी असते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं होतं तेव्हा, किंवा दरवर्षी कुठे ना कुठे, गाड्या बॉनेटपर्यंत बुडून उभ्या असतात. व्हेंट पाण्याखाली गेला की लाईट हळूहळू भरते, आणि पाणी उतरल्यावर आत गाळाची तपकिरी आडवी रेघ राहते. सीट कव्हर बदलतात, इंजिन चमकवतात, पण बंद लाईटच्या आत कोण पुसणार, आणि पुसलं तर रिफ्लेक्टरवर ओरखडे दिसतातच. टॉर्च तिरका मारून दोन्ही लाईट्सच्या खालच्या कोपऱ्यात बघायचं. एकच लाईट कोरी करकरीत आणि दुसरी पिवळी असली तर एका बाजूला ठोकलेली असू शकते, दोन्ही नव्या असल्या तर का बदलल्या ते विचारा.

मागच्या टेललाईटलाही सगळं हेच लागू, फक्त तिथे एक गोष्ट वेगळी. टेललाईटच्या मागचं गास्केट गेलं की पाणी लाईटमध्ये दिसतच नाही, ते सरळ डिकीत उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. गाडीत कुबट वास येतोय, सगळे म्हणतायत एसीचा फिल्टर बदला, दोनदा बदलून झाला, तर एकदा डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीखाली हात घालून बघा.